चांद्याहून गडचिरोलीस : एका टोपड्याची हकीकत

चांदा जिल्हा म्हटला कीं आमच्या साताऱ्याकडील मंडळींच्या डोळ्यांपुढें वाघ आणि कोळसा यांखेरीज दुसरें कांहीं उभें राहत नाहीं. शाळेंतील भूगोलाच्या पुस्तकांत ह्या मुलुखास चार ओळींहून अधिक जागा मिळत नसे, आणि त्या चार ओळी आम्हीं तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतल्या. पुढें चांद्याचें चंद्रपूर झालें. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्याचा पूर्वेकडील अरण्यमय भाग वेगळा काढून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा करण्यांत आला. तरी पुस्तकांतील ओळी फारशा वाढल्या नाहींत. आमचा धाकटा मुलगा गडचिरोलीस एका महाविद्यालयांत अध्यापक झाल्यापासून "बाबा, एकदां या" असें त्याचें सारखें टुमणें होतें. गेल्या पौषांत जाणें घडलें, तें मात्र निराळ्या निमित्तानें. सूनबाईंस आठवा महिना लागत होता. त्यांच्या मातोश्री अंथरुणास खिळलेल्या. तेव्हां सौभाग्यवतीनें तेथें जाऊन बाळंतपण करावें असें घरांत ठरलें, आणि तिच्याबरोबर आम्हीही निघालों. वाटेंत काय पाहिलें तें, आणि गडचिरोलीस एक एवढेंसें टोपडें कसें शिवलें गेलें तें, अशा दोन गोष्टी ह्या लेखांत आहेत. त्यांपैकीं दुसरीच आम्हांस अधिक सांगण्यासारखी वाटते.

नागपुराकडे जाणारी गाडी वर्ध्यास सोडावी आणि तेथून दक्षिणेकडे बल्लारशाच्या वाटेस लागावें. हिंगणघाट मागें पडलें कीं कापसाचें राज्य हळूहळू सरत जातें व वरोऱ्यापासून रानाची चाहूल लागते. वरोऱ्यास आम्ही एक दिवस उतरलों तो आनंदवन पाहण्याकरितां. कै. बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिती स्थापन करून ही वसाहत उभी केली, हें वाचकांस ठाऊकच आहे. तेथील विणकाम पाहतांना एक विचार मनांत आला. रोगानें ज्या बोटांची जाणीव नेली त्या बोटांना सूत ताठ आहे कीं सैल हें कळावयाचें नाहीं. तेव्हां बोटें जें सांगत नाहींत तें डोळ्यांनींच जाणून घेतलें पाहिजे. कापडाचें मर्म एरव्हीं हातांत असतें, आणि धडधाकट हात असलेले आपण त्या हातांचा केवढा कमी उपयोग करितों!

चंद्रपूर शहरास गोंड राजांचा कोट अद्याप वेढून आहे. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा या त्याच्या चार वेशी. महाकालीचें दर्शन घेतलें. चैत्रांतील यात्रेस येथें मराठवाड्यांतूनही लोक येतात. अंचलेश्वराच्या देवळाजवळ राजांच्या समाध्या आहेत. त्यांत बीरशहाची समाधि त्याच्या राणीनें, हिराईनें, बांधविली. पतीनें पत्नीसाठीं बांधलेल्या संगमरवरी थडग्याची कीर्ति जगभर झाली. पत्नीनें पतीसाठीं बांधविलेली ही समाधि पाहावयास मात्र आमच्याखेरीज त्या दिवशीं दुसरें कोणी नव्हतें. कोटाबाहेर वीजकेंद्राचीं उंच धुराडीं दिसतात, आणि खिडकींत ठेवलेल्या पाण्याच्या तांब्यावर सकाळपर्यंत काळी पूड बसते. शहराविषयीं एवढें पुरे.

चंद्रपुराहून मूल, सावली व व्याहाड या मार्गानें गडचिरोलीस जावें लागतें. हा मुलूख धानाचा. जागोजाग तलाव व बोड्या, त्यांच्या पाळीवर मोहाचीं जुनीं झाडें, आणि धान निघून गेलेल्या बांध्यांत लाखोळीचीं निळसर फुलें. सावलीचें नांव जुन्या पिढीच्या वाचकांस खादीमुळें आठवत असेल. १९३६ सालीं गांधी सेवा संघाचें अधिवेशन ह्याच गांवीं भरलें होतें आणि महात्माजी स्वतः त्यास आले होते. सावली, नागभीड, आरमोरी ह्या पट्ट्यांत विणकरांची वस्ती फार जुनी आहे. माग दिसला कीं आमच्यासारख्या संस्कृताच्या मास्तराला 'ओतप्रोत' हा शब्द आठवल्याखेरीज राहत नाहीं. बृहदारण्यकांत गार्गी याज्ञवल्क्यास विचारते कीं हें सगळें कशांत ओत आणि प्रोत आहे. तो प्रश्न विणकराच्या मागावरूनच घेतलेला आहे. एक धागा उभा, एक आडवा. एक ताणा, एक बाणा. दोघे एकमेकांस अडवून धरतात म्हणून वस्त्राला अंग येतें. आमच्या सगळ्या जुन्या वाङ्मयांतलें वस्त्र तें हें. पुढें ज्या कापडाशीं आमची गांठ पडावयाची होती त्याला मात्र ना ताणा होता ना बाणा.

व्याहाड सोडलें कीं वैनगंगेचा पूल येतो. पौषांत पात्र अर्धेंअधिक वाळूचें असतें, पण जें पाणी वाहतें तें इतकें निर्मळ कीं खालचे गोटे मोजावे. पलीकडे गडचिरोली जिल्हा. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आणि त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक भागावर रान. साग, ऐन, मोह, तेंदू, बांबू. शहर लहानसें आहे. हमरस्त्याच्या दुतर्फा दुकानें, मागें कौलारू घरें, आणि थंडीच्या सकाळीं प्रत्येक दाराशीं एक शेकोटी. रात्रीं पारा दहाबारा अंशांवर उतरतो.

आम्हांस पोहोंचून आठ दिवस झाले नाहींत तोंच सूनबाईंस एकाएकीं कळा सुरू झाल्या व त्याच रात्रीं मुलगी झाली. दिवस भरण्यास सात आठवडे अवकाश होता. सूनबाई सुखरूप होत्या. मुलीचें वजन १,७४० ग्रॅम भरलें. आमच्या पूजेतील तांब्याचा गडवा पाण्यासकट याहून फारसा हलका नसेल. रडली, श्वास बरा होता, परंतु अंग तापेना. तिला नवजात बालकांच्या खोलींत ठेवलें.

आमच्या घरीं जुना नेम असा कीं मूल जन्मण्यापूर्वीं त्याचा कपडा शिवूं नये. पुष्कळ घरीं तो असतो. पहिले दिवस जुन्या धोतराचीं मऊ फडकीं पुरतात. झबलें, टोपडें, कुंची हें सारें मागाहून. म्हणून सौभाग्यवतीच्या पेटींत धोतराच्या घड्या होत्या, आणि ह्या मुलीच्या बापाची पस्तीस वर्षांपूर्वींची फलाणीची कुंची होती. ती कुंची मुलीला घातली तेव्हां मुलगीच दिसेना. बाजारांतून आणलेलें टोपडेंही डोळ्यांवरून घसरून नाकावर आलें. त्याचे बंद हनुवटीखालीं बांधूं म्हटलें तर परिचारिका बाईंनीं साफ मना केलें. एवढ्याशा गळ्यापाशीं नाडी नको, असें त्यांचें म्हणणें, आणि तें आम्हांस लगेच पटलें.

त्यांनीं डोकें झांकण्यावर इतका जोर कां दिला हें येथें सांगितलें पाहिजे, कारण घरोघरच्या वडील स्त्रियांस तें उपयोगी आहे. मोठ्या माणसाचें डोकें अंगाच्या मानानें लहान असतें. नवजात मुलाचें डोकें एकंदर कातडीचा सुमारें पांचवा हिस्सा व्यापतें. अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या कातडीखालीं चरबी नसते. तेव्हां उघड्या डोक्यांतून त्याची ऊब भराभर निघून जाते. तें थंड पडलें कीं दूध ओढण्याचें त्राण राहत नाहीं, दूध पोटांत गेलें नाहीं कीं अंग आणखी थंड पडतें. ह्या चक्रांत पुष्कळ मुलें दगावतात, आणि घरचे म्हणतात कीं आयुष्य नव्हतें. ह्याच गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांत गांवच्याच स्त्रियांना शिकवून आरोग्यदूत केलें. त्या घरोघर जाऊन बाळंतिणीची व बाळाची देखभाल करूं लागल्या. बाळास ऊब राखणें हा त्यांतला एक मुख्य भाग. शेजारच्या इतर गांवांशीं तुलना करतां तेथील नवजात बालकांचे मृत्यु तिसऱ्या वर्षीं ६२ टक्क्यांनीं कमी झाले, आणि हा वृत्तान्त १९९९ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. २०११ पासून ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर चालविली जात आहे. तिकडे दक्षिण अमेरिकेंत बोगोटा शहरीं १९७८ सालीं कांचपेट्या अपुऱ्या पडूं लागल्या, तेव्हां तेथील डॉक्टरांनीं अशीं मुलें आईच्या उराशीं उघड्या कातडीस लावून ठेवण्याची रीत घातली. सूनबाईही मुलीस तशीच घेऊन बसत. अशा वेळीं मुलाच्या अंगावर लंगोट आणि डोक्यावर टोपडें याखेरीज कांहीं नसतें. म्हणून टोपड्याला एवढें मोल.

परिचारिका बाईंनीं दुसऱ्या एका मुलाचें टोपडें दाखविलें. तें त्या इवल्या डोक्याला सालपटासारखें बसलें होतें. बंद नव्हता, दाबही नव्हता. त्या म्हणाल्या, "आजी, हें होजिअरीचें आहे. असें एक शिवून आणा."

सौभाग्यवतीचें शिवणकाम आमच्या आळींत नांवाजलेलें आहे. चाळीस वर्षांत तिनें किती झबलीं, पोलकीं, परकर आणि दुपटीं शिवलीं याची गणती नाहीं. होजिअरीला मात्र तिचा हात कधीं लागला नव्हता. आमच्या घरीं गंजिफ्रॉक विकत येत आणि फाटले कीं त्यांचें पायपुसणें होई. गडचिरोलीच्या बाजारांत असलें कापड वारावर मिळेना, म्हणून मुलानें एक मोठ्या मापाचा सुती गंजिफ्रॉकच आणून दिला. (ह्या शब्दाची गंमत अशी कीं इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडींत जर्सी आणि गर्न्सी अशीं दोन बेटें शेजारीं शेजारीं आहेत. तेथील कोळी लोकरीचे विणलेले अंगरखे घालीत. एका बेटाचें नांव खेळाडूंच्या जर्सीस मिळालें. दुसऱ्याचा 'गर्न्सी फ्रॉक' आमच्याकडे येऊन गंजिफ्रॉक झाला. आमच्या वडिलांच्या अंगावर जन्मभर एक फिरंगी बेट होतें, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.)

शेजारीं पायमशीन होतें. त्यावर तिनें नेहमींच्या सरळ टिपेनें टोपडें शिवलें. कड पाहावी तों पापडासारखी नागमोडी झालेली. मधेंमधें दोन दोन बोटें टाकाच पडलेला नाहीं. तरी तें घरांतल्या एका लहान नारळावर चढवून पाहावें म्हणून तिनें ताणलें, तों 'टच्' असा आवाज झाला व शिवण एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत उसवली. दुसरें शिवलें, त्याचीही तीच गति. तिसऱ्याला सुईच्या भोंकापासून एक उभी रेघ खालपर्यंत उकलत गेली. रात्रीचे दहा वाजले होते. मुलीचें वजन त्या दिवशीं १,६२० वर आलें होतें. पहिल्या दिवसांत मुलें अशीं उतरतातच असें डॉक्टर म्हणाले होते, पण आंकडा खालीं गेलेला ऐकून ज्याला झोंप येईल तो आजोबा कसला? सौभाग्यवती कांहीं बोलली नाहीं. तिनें नारळ देव्हाऱ्यापाशीं ठेवला आणि दिवा मालविला.

सकाळीं शेजारीण म्हणाली कीं चौकांत पिको-फॉलचें दुकान आहे, तेथील बाई होजिअरीचें करितात. आम्ही तिघेंही गेलों. दुकान म्हणजे जिन्याखालची खोपट. आंत दोन यंत्रें, भिंतीवर साड्यांची रांग, आणि तीसबत्तीस वर्षांच्या एक बाई. त्यांनीं उसवलेलें टोपडें हातांत घेतलें, उजेडाकडे धरलें आणि हंसल्या.

"वढून शिवलं काय जी, आजी?"

"वढलें नाहीं. सरळ बसेना म्हणून जरा धरलें."

"तेच तं. याले धरू नोका. मसीन आपल्या मनानं खाते, तसं खाऊ द्या. वढलं का रुसते हे कापड."

पुढें दोन तास त्यांनीं जें दाखविलें त्याचें मर्म आम्हांस समजलें तें असें. मागावरच्या कापडांत दोन धागे एकमेकांस अडवितात. होजिअरींत एकच धागा असतो आणि तो फांसाफांसांनीं चालतो. ज्या भगिनी हातानें लोकरीचें विणतात त्यांना हें सांगावयास नको. एका फांसांतून दुसरा फांस ओढावयाचा, आणि एक घर सुटलें कीं खालपर्यंत शिडी पडते, हा त्यांचा नित्याचा अनुभव. गंजिफ्रॉक म्हणजे तेंच विणकाम, फक्त यंत्रानें व अति बारीक सुतानें केलेलें. ताणलें कीं फांस आडवे पसरतात, सोडलें कीं पुन्हां उभे होतात. म्हणून तें ताणतें. नेहमींची टोंकदार सुई फांसाचें सूतच भोंसकते, आणि मग तिसऱ्या टोपड्यासारखी शिडी उकलते. ह्यासाठीं किंचित् गोल टोंकाची सुई मिळते. ती सूत न तोडतां बाजूस सारून आंत शिरते. टाके कां गळतात याचेंही कारण तेवढेंच साधें आहे. सुई वर येऊं लागली म्हणजे तिच्यामागें दोऱ्याचा एक लहान फांस उभा राहतो आणि खालचा आंकडा तो पकडतो. ताणणारें कापड सुईला चिकटून तिच्याबरोबरच वर उचललें जातें, फांस उभा राहत नाहीं, आंकडा रिकामा फिरतो. कड नागमोडी होण्याचें कारण असें कीं खालचे दांते कापड पुढें नेतात आणि वरचा फूट तें दाबून धरतो. त्यांत आपण हातानें ओढलें म्हणजे ताणलेल्या स्थितींतच टीप पडते. म्हणून फुटाचा दाब सैल करावा.

राहिली उसवण. सरळ टीप म्हणजे दोन दोरे एका रेषेंत. त्यांना लांब होण्यास वावच नाहीं. कापड ताणतें, दोरा ताणत नाहीं, आणि दोरा तुटतो. त्या बाईंचा उपाय आम्हांस फार आवडला. साडीच्या पदराची कड बांधण्याचें जें पिकोचें यंत्र गांवोगांव असतें, तें सुईला डावीउजवीकडे हलवून नागमोडी टीप घालतें. त्याचीच रुंदी अगदीं थोडी ठेवून त्यांनीं होजिअरीची शिवण मारली. नागमोडी दोरा रेषेहून लांब असतो. कापड ताणलें कीं तो सरळ होतो आणि कापडास जाऊं देतो. दोराही सुती न घेतां पॉलिएस्टरचा. धातुपाठांत विणणें आणि शिवणें ह्या दोन्ही धातूंचा अर्थ एकच दिला आहे, तंतूचा विस्तार करणें. विद्यार्थीदशेंत आम्हांस तें कोशकाराचें आळस वाटे. त्या जिन्याखालीं बसून पाहतांना वाटलें कीं शिवण ही कापडाच्याच जातीची असली पाहिजे, एवढी गोष्ट त्या जुन्या वैयाकरणांनीं बरोबर ओळखली होती.

ही विद्या त्या कोठें शिकल्या असें आम्हीं विचारलें. शिवणवर्गांत नव्हे. तेथें पोलकें, परकर, सलवार हेंच शिकविलें, आणि परीक्षाही त्याचीच झाली. पण गांवांत लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सारे टी-शर्ट आणि लेगिंग घालूं लागले. फाटलें कीं लोक हिच्याकडे आणीत, आणि सरळ टिपेनें शिवून दिलेलें दुसऱ्या दिवशीं उसवून परत येई. तेव्हां त्यांनीं जुने टी-शर्ट विकत घेऊन त्यांच्या शिवणी टांका टांका उसवून पाहिल्या. आतां शाळांच्या क्रीडास्पर्धांपूर्वीं त्यांच्याकडे विजारी आंखूड करावयास ढीग येतो. कडा कापीत कापीत शिवणारें यंत्र घ्यावें म्हणून त्या पैसे साठवीत आहेत. शिंपी त्यास 'इंटरलॉक' म्हणतात, जरी होजिअरीच्या व्यापारांत इंटरलॉक हें कापडाच्या एका जातीचें नांव आहे. आम्हांस येथें एक गोष्ट स्पष्ट लिहावीशी वाटते. निम्मा गांव जें कापड नेसतो तें ज्या शिवणवर्गांत शिकवीत नाहींत, त्याचा अभ्यासक्रम कोणाच्या अंगावरून बेतलेला आहे? आम्ही मास्तर लोक पुस्तक बदलावयास फार वेळ लावितों.

टोपडें कापण्यापूर्वीं बाईंनीं गंजिफ्रॉक गरम पाण्यांत दोनदां धुवावयास लाविला. सुती होजिअरी धुतली कीं आटते, आणि लांबींत अधिक आटते. मग दहा सेंटिमीटरांची घडी पट्टीवर धरून ताणली ती सहज चौदापर्यंत गेली. जो आडवा ताण अधिक, तोच डोक्याभोंवतीं आला पाहिजे. मुलीच्या डोक्याचा घेर परिचारिका बाईंनीं २९ लिहून दिला होता. आमची कल्पना कीं कापड त्याहून मोठें घ्यावें. सर्व शिवणकामांत तसेंच करितात. येथें उलट. २६ रुंद कापलें, शिवणींत एक गेलें, राहिले २५. उंची १७, त्यांतील चार खालीं दुमडावयास. कापलेली कड आपोआप गुंडाळूं लागली, हीही ह्या कापडाची खोड. आडवी कड ताणली कीं ती सुलट्या बाजूकडे वळते, त्यावरून सुलट उलट ओळखावें. आणि शिवण बाहेर ठेवावयाची, आंत नव्हे, कारण त्या कातडीला दोऱ्याची गांठही बोंचते. शिवून झाल्यावर सौभाग्यवतीनें पिशवींतून नारळ काढला! बाई पोट धरून हंसल्या. टोपडें नारळावर चढलें, ताणलें, आणि टिकलें. कडेखालून एक बोट सहज शिरलें. पैसे विचारले तर म्हणाल्या, "पोरीच्या टोपऱ्याचे कोनी घेते काय जी?"

उकळून, उन्हांत वाळवून, इस्त्री करून तें सायंकाळीं रुग्णालयांत दिलें. दुसऱ्या दिवशीं मुलीचे पाय कोंबट लागले. केवळ टोपड्यानें तसें झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. आईची ऊब होती, औषधपाणी होतें. तरी तें टोपडें डोक्यावरून हललें नाहीं, हें खरें. परिचारिका बाईंनीं आणखी दोन डझन मागितलीं. एका मोठ्या गंजिफ्रॉकांतून सहा टोपडीं निघतात. चार गंजिफ्रॉक आणले. कापण्याचें काम आम्हांकडे आलें, शिवण बाईंकडे, आणि दुमडून टाके घालण्याचें सौभाग्यवतीकडे. हीं चोवीस मात्र रीतसर मजुरी देऊनच शिवून घेतलीं.

मुलगी अद्याप त्या खोलींतच होती, तेव्हां मधल्या दिवसांत मुलाच्या आग्रहानें आम्ही दोन ठिकाणें पाहिलीं. आरमोरीच्या बाजूस ऐनाच्या व अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे पोसतात. कोशाला एक कठीण देठ असतो व त्यानें तो फांदीला लटकलेला असतो. कौशेय वस्त्र म्हणून आम्हीं काव्यांतून जें शिकविलें त्याचा कोश प्रथमच हातांत घेतला. किडा मान इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखी हलवीत एकच धागा आपल्याभोंवतीं गुंडाळीत जातो. तेथेंही ताणा नाहीं, बाणा नाहीं. तो मागाहून माणसानें घातला. होजिअरी ही मोठी नवीन गोष्ट असें आपण समजतों. विल्यम ली नांवाच्या गृहस्थानें इंग्लंडांत मोजे विणण्याचें पहिलें यंत्र केलें तें १५८९ सालीं, आणि हातानें विणणाऱ्या गरिबांचें पोट बुडेल म्हणून एलिझाबेथ राणीनें त्याला सनद नाकारली असें सांगतात. आज आपल्या देशांत तिरुपूर हें सबंध शहर ह्या एका धंद्यावर चालतें. पण फांसाफांसानें घर बांधण्याची कल्पना त्या किड्याची अधिक जुनी.

दुसरें ठिकाण मार्कंडा. चामोर्शीजवळ वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि तिच्या कांठीं दगडी देवळांचा समूह उभा आहे. मूर्तिकाम इतकें दाट व बारीक कीं विदर्भाचें खजुराहो असें त्यास म्हणतात. महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. आम्ही गेलों तेव्हां नदीचा आवाज आणि पोपट. मार्कंडेयाला सोळाच वर्षें आयुष्य होतें व शंकरानें तें वाढविलें, ही कथा आमच्या वाचकांस लहानपणापासून माहीत आहे. वाढदिवशीं त्याचें स्मरण करून तीळगूळ घातलेलें दूध पितात तें याचसाठीं. सौभाग्यवतीनें देवापुढें नारळ ठेवला. तो तोच नारळ होता हें आम्हीं ओळखलें, परंतु विचारलें नाहीं.

बारसें राहून गेलें होतें; तें पुढें शुभ दिवस पाहून करूं असें ठरलें. तेविसाव्या दिवशीं मुलीचें वजन १,९८० भरलें. टोपडें कपाळावर वळ उठवूं लागलें होतें. दुकानच्या बाईंनीं भिंतीवर खडूनें तीन आंकडे लिहिले, २९, ३१ आणि ३३, प्रत्येकाखालीं कापाचें माप, आणि वर्तमानपत्राचे तीन नमुने कापून खिळ्याला अडकविले. मग ३१ चा काढून कापडावर ठेवला.